नकाशे सर्व्हरवर नेण्याआधी कन्नौदला येऊन बघा

नकाशाचं सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या संगणकावरून काढून मुख्यालयातल्या सर्व्हरवर न्यायचं, असा प्रस्ताव आज अनेक कार्यालयांत येतो. आमच्या संस्थेत तो आला आणि अमलातही आला. देवास जिल्ह्यातल्या कन्नौदला बसून पाणलोटाचे नकाशे करताना त्याचे फायदे आणि हाल मी दोन्ही पाहिले. तुमच्याकडे असा निर्णय व्हायचा असेल, तर हे आधी वाचा.

प्रस्तावामागचं कारण खरं होतं. विंध्याच्या घाटावरचं पाणी कालीसिंधेतून चंबळेकडे जातं, घाटाखालच्या कन्नौद-खातेगावचं नर्मदेकडे. दोन्ही बाजूंचे नाले, बंधारे, शेततळी, खसरे (जमिनीचे गट) वेगवेगळ्या संगणकांवर विखुरलेले होते. मुख्यालयातली फाइल इथून थेट उघडली, की नकाशा जरा सरकवला तरी सॉफ्टवेअर असंख्य छोट्या मागण्या पाठवी आणि उत्तरांची वाट बघत बसे. सॉफ्टवेअर आणि फाइली एकाच ठिकाणी ठेवून तारेतून फक्त पडद्याचं चित्र आणि माउस-कीबोर्डच्या हालचाली पाठवल्या, की हा त्रास संपतो. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या एकेका चौकटीचा शेकडो एमबींचा डेटा इथे उतरवावा लागत नाही. लाइन तुटली तरी सर्व्हरवरचं काम सुरू राहतं, पुन्हा जोडल्यावर तिथूनच पुढे करता येतं.

पण चाचणी झाली ती मुख्यालयात, सर्व्हरच्याच इमारतीत. तिथे सगळं झटपट चाललं. कन्नौदला उपग्रहाच्या चित्रावरचा नाला गिरवताना हात पुढे जाई आणि रेषेचा बिंदू मागून पडे. नकाशा नुसता बघणाऱ्याला हा उशीर जाणवत नाही, रेषा काढणाऱ्याला तो दर क्लिकला नडतो. शेवटी साथींनी आपापल्या लॅपटॉपवर प्रती काढून काम सुरू केलं. मग एकाच नाल्याचे दोन लेअर झाले, आणि एका बंधाऱ्याची जागा जुन्या लेअरवर आखली गेली. ती चूक शिवारात उभं राहिल्यावर कळली. विखुरलेला डेटा एकत्र आणायला केलेल्या व्यवस्थेतूनच तो पुन्हा विखुरला.

म्हणून सांगतो, पहिली चाचणी सर्वांत दूरच्या कार्यालयात घ्या, पावसाळ्यात घ्या आणि डिजिटायझिंगची, म्हणजे रेषा गिरवण्याचीच घ्या. लाइन किती एमबीपीएसची आहे, यावर समाधान मानू नका. सर्व्हरकडे संकेत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात, ते दिवसभरात अनेकदा मोजा. जिथे डिशवरून भूस्थिर उपग्रहाचं इंटरनेट आहे, तिथे रेषा काढण्याचा आग्रहच सोडा. तो उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. संकेताच्या जाण्यायेण्यातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो, आणि पैसे वाढवून हा वेळ कमी होत नाही.

कामांची वाटणी आधीच करा. नकाशे बघणं, शोधणं, छापील नकाशाची मांडणी आणि मोठं विश्लेषण सर्व्हरवर ठेवा. बारीक डिजिटायझिंग आणि जीपीएसच्या नोंदी स्थानिक संगणकावर राहू द्या. त्यासाठी क्यूजीआयएस मोफत आहे. मात्र कोणतं गाव कोणाकडे आहे हे लिहून ठेवा, आणि संध्याकाळी बदल मुख्य डेटात घालण्याची जबाबदारी एकाच माणसावर सोपवा.

सर्व्हर आला म्हणून एकाच शेपफाइलवर दोघांनी काम करू नये. त्यासाठी ती बनलेलीच नाही. अनेकांनी एकदम बदल करायचे असतील तर पोस्टजीआयएससारखा डेटाबेस लागतो. त्याचा खर्च आणि प्रशिक्षण प्रस्तावातच मांडा.

सर्व्हरवर प्रत्येकाचं सॉफ्टवेअर स्वतंत्र चालतं, पण मेमरी आणि प्रोसेसर सगळ्यांत वाटले जातात. एकाने उंचीच्या डेटावरून अख्ख्या खोऱ्याचा प्रवाह काढायला घेतला की बाकीच्यांचे पडदे अडखळतात. अशी कामं रात्री किंवा वेगळ्या मशीनवर चालवा. सर्व्हरचं ग्राफिक्स कार्डही बघा. नकाशांचं जुनं सॉफ्टवेअर आर्कमॅप 1 मार्च 2026 पासून निवृत्त झालं. त्याच्या जागी आलेल्या आर्कजीआयएस प्रोला ग्राफिक्स कार्डाचा आधार लागतो, तेव्हा कार्डाविना घेतलेल्या सर्व्हरवर ते रखडेल.

लायसन्सकडेही लक्ष द्या. खिडकी बंद केली म्हणजे लॉगआउट झालं असं नाही. सेशन मागे चालू राहतं आणि लायसन्स अडकून पडतं. ते आपोआप बंद होण्याची वेळ ठरवा, पण इतकी कमीही नको की वीज गेल्यावर कन्नौदच्या माणसाचं न जतन केलेलं काम पुसलं जाईल. मोठा नकाशा सर्व्हरवरून थेट प्लॉटरला पाठवू नका. पीडीएफ करून इथे उतरवा आणि इथूनच छापा.

या नकाशांवरून बंधाऱ्याची जागा ठरते आणि कोणाच्या विहिरीला पाणी येईल तेही ठरतं. म्हणून जुनी व्यवस्था बंद करण्याचा शेवटचा होकार कन्नौद-खातेगावसारख्या ठिकाणी रोज रेषा काढणाऱ्या माणसाचा असू द्या. त्याने आपलं नेहमीचं काम नव्या व्यवस्थेत पूर्ण करून ‘चालेल’ म्हणेपर्यंत त्याच्या संगणकावरचं सॉफ्टवेअर काढू नका.