कैलास–मानसरोवर यात्रा : उंची, थंडी आणि देहाची काळजी

श्रीकैलास–मानसरोवराच्या यात्रेस प्रस्थान करण्यापूर्वी श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांची संख्या मोठी आहे. २०२० ते २०२४ या काळात खंडित असलेली भारत शासनाची यात्रा २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाली आणि संस्थानच्या कार्यालयात तिच्याविषयी होणारी विचारणाही वाढली. ही विचारणा बहुधा पूजासाहित्य, खर्च आणि मुहूर्त यांविषयी असते. आपला देह तेथे कसा वागेल, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

आपल्या महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई हे समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. मानसरोवराचा काठ सुमारे ४,५९० मीटरवर, तर परिक्रमेतील सर्वांत उंच स्थान, म्हणजे डोल्मा खिंड, सुमारे ५,६३० मीटरवर आहे. तेथील हवेतही प्राणवायूचे प्रमाण येथल्यासारखेच, सुमारे २१ टक्के असते. परंतु हवाच इतकी विरळ की तिचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा भरतो. म्हणजे प्रत्येक श्वासासरशी आपल्याला मिळणारा प्राणवायू निम्म्यावर येतो. सरोवराकाठी पाणी सुमारे ८५ अंशांवरच उकळू लागते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही, कुकर लागतो.

देह या विरळ हवेशी जुळवून घेऊ शकतो. श्वास खोल व जलद होतो, मूत्रपिंडे रक्तातील आम्लतेचा समतोल नव्याने साधतात, पुढे तांबड्या रक्तपेशीही वाढतात. परंतु या साऱ्यास दिवस लागतात. ते दिवस पैशाने, व्यायामाने किंवा मनोनिग्रहाने कमी करता येत नाहीत. रोज पर्वती चढणारा धडधाकट तरुण आजारी पडतो आणि सावकाश चालणाऱ्या आजीबाई सुखरूप परिक्रमा करतात, असे पुष्कळदा घडते, ते यामुळेच.

जुन्या काळी हा अवधी वाटच देत असे. १९८१ मध्ये शासकीय यात्रा सुरू झाली तेव्हा आणि त्यानंतरही अनेक वर्षे यात्रेकरू धारचुलाच्या पुढे पायी चालत. सिर्खा, गाला, बुधी, गुंजी, नाभीढांग असे मुक्काम करीत लिपुलेख खिंडीशी पोहोचेपर्यंत आठवडा उलटून जाई. पाय दुखत, पण तेवढ्यात रक्त तयार होई. २०२० मध्ये लिपुलेखच्या नजीकपर्यंत जाणाऱ्या मोटाररस्त्याचे उद्घाटन झाले. दमछाक वाचली आणि तिच्याबरोबर तो अवधीही गेला. म्हणूनच शासकीय कार्यक्रमात गुंजी (सुमारे ३,२०० मीटर) आणि नाभीढांग (सुमारे ४,२५० मीटर) येथे मुक्काम ठेवलेले असतात. ‘गाडी आहे तर थांबायचे कशाला?’ असा त्रागा काही मंडळी तेथे करतात. थांबायचे ते गाडीसाठी नव्हे.

वैद्यकशास्त्राचा सर्वसाधारण नियम असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्री झोपण्याचे ठिकाण आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून अधिक उंच नसावे आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी. दिवसा थोडे वर जाऊन मुक्कामास खाली येणे हितकर असते. खासगी मार्गाने जाणाऱ्यांनी आयोजकाला पैसे देण्यापूर्वी कार्यक्रमपत्रिकेतील प्रत्येक मुक्कामाची उंची मागून घ्यावी व या नियमाशी ताडून पाहावी.

उंचीचा आजार कसा ओळखावा

प्रस्तुत लेखकाने २०१२ साली काठमांडूमार्गे ही यात्रा केली. काठमांडूच्या १,४०० मीटरवरून जीपगाड्यांनी पाचव्या दिवशी आम्ही सरोवराकाठी होतो. आयोजकांनी विश्रांतीसाठी एकच दिवस ठेवला होता आणि तोही मला जास्त वाटला होता. सरोवराकाठी डोके दुखू लागले. मी कोणास सांगितले नाही. सांगितले तर परिक्रमेतून वगळतील, ही भीती. आणि इतक्या दूर आल्यावर महादेव सांभाळून घेतील, हा भरवसा. डेरापुकच्या मुक्कामी जेवण नकोसे झाले, उलटी झाली. संध्याकाळी बाहेर जाताना मला बुटाची नाडी बांधता येईना. सौभाग्यवतीने ते पाहिले. ती म्हणाली, “अहो, त्या फरशीच्या रेघेवरून चालून दाखवा.” मी चाललो आणि दुसऱ्याच पावलाला भिंतीस धरले.

ती परीक्षा तिने निघण्यापूर्वी आमच्या डॉक्टरांकडून शिकून घेतली होती. टाचेला बोटे लावीत सरळ रेषेत चालावयाचे. तोल गेला तर मेंदूला सूज येऊ लागली असे धरून चालावे. ही जिवावर बेतणारी अवस्था होय.

उंचीवर होणारी डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, चक्कर, झोप न येणे ही पहिली लक्षणे चढल्यानंतर सहा ते बारा तासांत दिसू लागतात. ती सौम्य असतील तर तेथेच थांबावे, एक-दोन दिवसांत बहुतेकांना बरे वाटते. लक्षणे असताना वर मात्र चढू नये. बोलण्यात असंबद्धता, तोल जाणे, गुंगी येणे ही मेंदूच्या सुजेची चिन्हे आहेत. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, ओठ निळसर पडणे, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी ही फुप्फुसांत पाणी साठल्याची चिन्हे आहेत. दोहोंचा उपाय एकच, तात्काळ खाली उतरणे. रात्र आहे, सकाळी पाहू, असे म्हणू नये. असा रुग्ण एकट्याने कधीही पाठवू नये.

येथे या प्रदेशाची एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. सह्याद्रीत किंवा केदारनाथी ‘खाली’ म्हणजे काही तासांची उतरण. तिबेटचे पठार मुळातच उंच आहे. डेरापुक ५,००० मीटरच्या आसपास. तेथून दिवसभराची वाट मागे येऊन दारचेन गाठले तरी ते साडेचार हजार मीटरहून वरच. खऱ्या अर्थाने खालचे गाव म्हणजे तकलाकोट, आणि तेही ४,००० मीटरच्या जवळपास, मोटारीने काही तासांच्या अंतरावर. डोल्मा खिंड ओलांडल्यानंतर तर मागे फिरण्यासही तीच खिंड पुन्हा चढावी लागते. म्हणून या यात्रेत निर्णय लवकर घ्यावा लागतो. दारचेनमध्ये घेतलेला निर्णय सोपा असतो, डेरापुकला तो कठीण होतो, खिंडीत तो आपल्या हाती उरत नाही.

मला त्याच रात्री प्राणवायू लावून, दोन मदतनिसांच्या आधाराने घोड्यावरून खाली आणले आणि पुढे गाडीने तकलाकोटला नेले. तिसऱ्या दिवशी मी नाडी बांधू शकलो. प्राणवायूचे नळकांडे किंवा दाबाची फुगीर पिशवी उतरण्यासाठी वेळ मिळवून देते, उतरण्याची जागा घेत नाही. ‘डायमॉक्स’ या नावाने परिचित असलेले ॲसिटाझोलामाइड हे औषध देहाला जुळवून घेण्यास साह्य करते. परंतु ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व घरी असतानाच ठरवून घ्यावे, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी. झोपेच्या गोळ्या व मद्य वर्ज्य.

कापराच्या पुरचुंडीविषयी दोन शब्द. अनेक भाविक ती गळ्यात बांधून वारंवार हुंगतात. कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, मनास उभारी येते, हे खरे. रक्तातील प्राणवायू त्याने तिळभरही वाढत नाही. पुरचुंडी जरूर बाळगावी, पण तिच्या भरवशावर डोकेदुखी अंगावर काढू नये. कापूर पोटात तर कधीच घेऊ नये, तो विषारी आहे. बोटाला लावण्याच्या यंत्रावरही पूर्ण विसंबू नये. गारठलेल्या बोटावर ते चुकीचा आकडा दाखवते.

थंडी आणि स्नान

थंडीने माणूस दगावतो तो नेहमी हिवाळ्यात आणि बर्फातच, असे नाही. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अमरनाथच्या वाटेवर अवेळी पाऊस व हिमवर्षाव झाला आणि दोनशेहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यानंतर नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंची संख्या मर्यादित ठेवण्याची शिफारस केली. त्या दिवसांत अनेकांच्या अंगावर मैदानी प्रदेशातील साधेच कपडे होते. ओले कपडे आणि वारा एकत्र आले की देहाची ऊब झपाट्याने जाते. आधी कापरे भरते, मग जीभ जड होते, हात नीट चालत नाहीत, पावले अडखळतात. कापरे थांबले आणि माणूस शांत झाला, म्हणजे बरे वाटले असे समजू नये. ती अधिक गंभीर अवस्था होय. अशा वेळी वाऱ्यापासून आडोसा, ओले कपडे काढून कोरडे, स्लीपिंग बॅग, आणि शुद्धीवर असेल तरच गरम गोड पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत.

सुती बनियन घामाने भिजते व वाळत नाही. अंगाला लागून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे वस्त्र, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे जाकीट असावे. माकडटोपी, हातमोजे, गडद चष्मा. एक पूर्ण जोड व दोन मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत व ते फक्त झोपताना वापरावेत. बोटे पांढरी व बधिर झाल्यास ती शेकोटीशी धरू नयेत.

आता नाजूक विषय. मानसरोवरात स्नान घडावे ही प्रत्येकाची इच्छा असते. सरोवरात उतरण्याबाबत स्थानिक प्रशासनाचे जे नियम त्या वेळी लागू असतील ते प्रथम पाळावेत. स्नान करावयाचेच तर ऊन असताना, वारा पडलेला असताना, लोटाभर पाण्याने उरकावे. टॉवेल व कोरडे कपडे हाताशी आणि सोबती जवळ असावा. ओल्या वस्त्राने जप करीत बसू नये. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी मार्जन व आचमनावर समाधान मानावे. आचमनासही पाणी उकळून निववलेले घेतल्यास पुण्यास बाधा येते असे आमच्या पुरोहितांचे मत नाही.

यात्रेचा काळ आषाढ–श्रावणात येतो, म्हणजे उपवासांचाही. विरळ कोरड्या हवेत श्वासावाटेच पुष्कळ पाणी जाते. निर्जळी उपवास तेथे करू नये. धर्मशास्त्राने आतुर व वृद्धांना सवलत दिलेलीच आहे. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, शेंगदाण्याची चिक्की उपवासासही चालते आणि उंचीवर पोटातही टिकते.

मधुमेही यात्रेकरूंनी इन्सुलिन अंगाशी, आतल्या खिशात ठेवावे. ते गोठल्यास निरुपयोगी होते. रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. शासकीय यात्रेसाठी वय १८ ते ७० असावे लागते, तसेच वजन-उंचीचे प्रमाण दर्शविणारा निर्देशांक २५ पेक्षा अधिक चालत नाही. दिल्लीत व पुन्हा गुंजीस वैद्यकीय तपासणी होते. तेथे जुना आजार लपवून पुढे गेलेल्यांच्या बाबतीत त्यांच्या सोबत्यांचीही परिक्रमा पणास लागते.

जे सद्भक्त आईवडिलांना किंवा इतर ज्येष्ठांना स्वखर्चाने यात्रा घडवतात, त्यांना एक विनंती. सहलीचा दर पाहताना कमी दिवसांची सहल निवडू नये. वाचलेले दोन दिवस म्हणजे त्या वृद्ध देहाचे दोन दिवस असतात. हेलिकॉप्टरने सोय होते, परंतु ते माणसाला काही मिनिटांत अशा उंचीवर सोडते जेथे पूर्वी चालत जाण्यास दिवस लागत. दान करावयाचेच तर दोन अधिक मुक्कामांचे करावे. आणि निरोप देताना ‘परिक्रमा पूर्ण करूनच या’ असे म्हणू नये. माझ्या मुलाने तसे म्हटले होते. डेरापुकला डोके दुखत असताना मला तेच आठवत होते.

निघताना प्रत्येकाने एका कागदावर आपले नाव, वय, रक्तगट, चालू औषधे, ॲलर्जी आणि घरचा दूरध्वनी क्रमांक मराठीबरोबर इंग्रजीतही लिहून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावा. दुसरी प्रत सोबत्याजवळ द्यावी. सोबती ठरवून घ्यावा आणि रोज संध्याकाळी, आरतीनंतर, एकमेकांना त्या रेषेवरून चालावयास लावावे.