लिलावातला खेळाडू आणि त्याचा संसार

मानखुर्द, मुंबई

चि. प्रथमेश यास,

कुमार गटातून वरिष्ठ गटात जाणाऱ्या आणि प्रो कबड्डीच्या लिलावाकडे डोळे लावून बसलेल्या खेळाडूने हे आधी ध्यानात घ्यावे, की या पेशात नाव मोजक्यांचेच होते आणि उरलेले बहुतेक जण दर एक-दोन हंगामांनी नव्या शहराची जर्सी चढवून पोट भरतात. त्यात कमीपणा काही नाही, मात्र त्याचा हिशेब आधी मांडून ठेवावा लागतो.

ही स्पर्धा 26 जुलै 2014 रोजी वरळीत सुरू झाली तेव्हा संघ आठ होते, 2017 पासून बारा झाले. संघमालक ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत खेळाडूंवर बोली लावतात तो लिलाव. 2023 साली पहिल्या गटातील खेळाडूची मूळ किंमत, म्हणजे बोली जिथून सुरू होते ती रक्कम, 30 लाख होती, तर चौथ्या गटातील खेळाडूची 9 लाख. हंगाम संपला की संघ खेळाडूला राखतो किंवा मोकळा करतो, आणि मोकळा झालेला पुन्हा लिलावाच्या यादीत येतो. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई याला 2018 मध्ये यू मुंबाने 36 लाख 40 हजारांना घेतले आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले. त्यानंतर दुखापती आल्या, संघही बदलले. बचावपटू विशाल माने 2015 मध्ये यू मुंबाबरोबर आणि 2017 मध्ये पाटणा पायरेट्सबरोबर विजेता ठरला, तरी गल्लीत पोरे नाव घेतात ते चढाईपटूंचे.

बचावपटूने याचे वाईट वाटून घेऊ नये. समोर सहा किंवा अधिक बचावपटू असताना चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली तर त्याला जादा गुण मिळतो, त्या लोभाने तो पाय पुढे टाकतो आणि नेमक्या त्याच क्षणी कोपऱ्यातल्या खेळाडूने जमिनीलगत झेपावून त्याचा घोटा धरायचा असतो. किंचित उशीर झाला तर गुण जातो आणि गुडघा तोंडावर बसतो तो वेगळाच. ज्याचा हा घोटा सुटत नाही, आणि जो गरज पडल्यास कोपरा सोडून मधल्या जागेवरही उभा राहतो, त्याला कोणता ना कोणता संघ विचारतोच. इतर खेळांतही हेच दिसते. आइस हॉकीत माइक सिलिंजर हा कॅनडाचा खेळाडू नॅशनल हॉकी लीगच्या 12 संघांकडून खेळला, हा त्या लीगमधील विक्रम आहे. तो कधीच मोठा तारा नव्हता, पण हजाराहून अधिक सामन्यांत त्याची गरज कुणाला तरी भासली.

परंतु गरज ही शरीर शाबूत असेतोवरच. पवन सेहरावत 2022 मध्ये 2 कोटी 26 लाखांना विकला गेला, पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि सगळा हंगाम बाहेर गेला. पुढच्या वर्षी त्याला अधिकच मोठी बोली लागली, ती त्याच्या कीर्तीमुळे. चौथ्या गटातल्या खेळाडूसाठी कोणी एवढा थांबत नाही. शिवाय ऑक्टोबर 2019 मध्ये संपलेली स्पर्धा करोनामुळे थेट डिसेंबर 2021 मध्ये सुरू झाली, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ लीगकडून येणारा पैसा बंद होता, आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधल्या इमारतीचा देखभाल खर्च काही त्यासाठी थांबत नाही.

म्हणून नोकरी आधी, लिलाव नंतर. मुंबईची कबड्डी पूर्वीपासून व्यावसायिक संघांवर, म्हणजे कंपन्या, बँका, रेल्वे यांनी नोकरी देऊन उभ्या केलेल्या संघांवर पोसली आहे. भारत पेट्रोलियमचा संघ त्यांपैकीच, आणि त्या कंपनीची माहुलची रिफायनरी मानखुर्दहून जवळ आहे. अशी नोकरीही अढळ नसते, कारण देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि एअर इंडिया 2022 मध्ये खासगी मालकीची झाली. तरीही दोन-तीन महिन्यांच्या हंगामापेक्षा तिचा भरवसा अधिक. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याचा लाभ केवळ मैदानावरच्या कामगिरीने मिळत नाही, प्रमाणपत्राची पडताळणी व्हावी लागते, आणि गुणी पोरे नेमकी इथेच आळस करतात.

तेव्हा चि. प्रथमेशने लिलावाच्या यादीची वाट पाहत बसू नये. राज्य अजिंक्यपद स्पर्धेची प्रमाणपत्रे घेऊन क्रीडा व युवक सेवा विभागाच्या उपसंचालक कार्यालयात पडताळणीचा अर्ज द्यावा, आणि रेल्वेची भरती निघाली की चाचणीला हजर राहावे. कळावे.

आशीर्वादपूर्वक,
मामा