देवाचे स्वरूप आणि नरदेहाचे प्रयोजन : मराठवाड्यातील तीन भूमिका

जालना जिल्ह्याच्या पूर्व भागातील मंठा हे गाव मध्यबिंदू मानले, तर मराठी धर्मविचाराची तीन महत्त्वाची स्थाने त्याच्या भोवती दिसतात. नैर्ऋत्येस घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान आहे. पूर्वेस हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. पश्चिमेस गोदाकाठी पैठण आहे. चक्रधरांच्या अनेक लीळा तेथे घडल्याचे लीळाचरित्र सांगते. तेराव्या ते सतराव्या शतकांच्या दरम्यान या प्रदेशाशी संबंधित असलेल्या या तीन पुरुषांनी एकाच प्रश्नाची तीन उत्तरे दिली. देव कसा आहे आणि माणसाचा जन्म कशासाठी आहे, हा तो प्रश्न होय. ही उत्तरे परस्परांहून किती व कोठे भिन्न आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. प्रश्नाची मांडणी

संतवाङ्मयाच्या अध्यापनात ईश्वरस्वरूपाचा विचार 'तत्त्वज्ञान' या शीर्षकाखाली आणि मानवी जीवनाच्या हेतूचा विचार 'उपदेश' या शीर्षकाखाली होतो. या विभागणीमुळे दोहोंतील कार्यकारणसंबंध दृष्टिआड होतो. वस्तुतः देव आणि जीव यांत कोणते अंतर आहे, हे ठरले की जन्माचे प्रयोजनही ठरते. कारण ते अंतर पार करणे, सांभाळणे किंवा प्रेमाने भरून काढणे हेच जगण्याचे कार्य बनते. या दृष्टीने पाहिल्यास 'सर्व संतांनी एकच सांगितले' हे प्रचलित विधान तपासून घ्यावे लागते.

हे विधान रूढ होण्यास एक वाङ्मयेतिहासिक कारणही आहे. महानुभावांचे ग्रंथ दीर्घकाळ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंदिस्त राहिले आणि विसाव्या शतकातच ते अभ्यासकांना उपलब्ध होऊ लागले. तोपर्यंत मराठी संतविचाराची चौकट मुख्यतः अद्वैती परंपरेच्या आधारे आखली गेली होती. पुढे वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांनी महानुभाव तत्त्वज्ञानाची स्वतंत्र मांडणी केली. त्यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले. तथापि चौकट बदलण्याऐवजी नवी सामग्री जुन्या चौकटीत बसविण्याची प्रवृत्ती अनेक पाठ्यपुस्तकांत टिकून राहिली.

२. चक्रधर : न पुसणारे अंतर

महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ मानले आहेत. हे चारही अनादी, नित्य आणि परस्परांहून स्वतंत्र आहेत. जीव हा परमेश्वराचा अंश नाही आणि मोक्षानंतरही तो परमेश्वर होत नाही. त्याला परमेश्वराच्या आनंदाचा लाभ होतो. देवता फलदायी आहेत, परंतु त्यांचे फळ मर्यादित व नाशवंत आहे. मोक्षदान हे केवळ परमेश्वराचे कार्य होय.

या मांडणीतून एक कठीण पेच निर्माण होतो. जीव अनादी अविद्येने बद्ध आहे. स्वतःच्या बळावर तो मुक्त होऊ शकत नाही, आणि त्याच्या अंतरंगात जागा करावा असा कोणताही ईश्वरांश नाही. म्हणून हालचाल परमेश्वराच्या बाजूनेच व्हावी लागते. निराकार परमेश्वर कृपेने मानवी रूप धारण करतो. श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर या पंचकृष्णांच्या कल्पनेचे तात्त्विक मूळ येथे आहे. अवतार हा येथे केवळ दुष्टनिर्दालनाचा प्रसंग नसून जीवाच्या सुटकेची आवश्यक अट ठरतो.

नरदेहाचे मोल यावरून निश्चित होते. परमेश्वराचे सन्निधान आणि त्याच्या मुखातून मिळणारे ज्ञान या देहातच लाभू शकते. चक्रधरांच्या प्रयाणानंतर हे सन्निधान संपले, तेव्हा अनुयायांपुढे प्रश्न उभा राहिला तो वियोगात जगण्याचा. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हे त्याचे उत्तर होते. म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे लीळांचे संकलन केले ते केवळ चरित्रलेखनाच्या हौसेने नव्हे. चक्रधर कोठे बसले, काय जेवले, कोणाशी काय बोलले हे बारकाव्यांनिशी नोंदविणे ही साधकाची निकड होती. मराठीतील आद्य गद्यचरित्राचा तपशीलप्रिय स्वभाव अशा रीतीने एका ईश्वरविषयक सिद्धांतातून घडलेला दिसतो. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी.

३. रामदास : अज्ञानाचे अंतर

रामदासांचा (१६०८–१६८१) आरंभबिंदू याच्या विरुद्ध टोकास आहे. वीस दशकांच्या दासबोधातील सहाव्या दशकाचे नावच 'देवशोधन' असे आहे. त्याच्या प्रारंभी दिलेला दाखला व्यवहारातला आहे. ज्या गावात राहावयाचे त्या गावाच्या प्रभूची भेट घेतली नाही, तर माणसाला मान नाही आणि वेठबिगारीतून सुटका नाही. गावाच्या वर देशाचा अधिपती, त्याच्या वर आणखी मोठा, अशा क्रमाने सर्वांचा कर्ता कोण हे शोधीत जावे, असे रामदास सुचवितात. हा शोध मात्र बाहेरच्या कोणा सत्ताधीशापाशी थांबत नाही. शोधणाराच आपल्या आत्मस्वरूपाशी येऊन पोहोचतो.

अकराव्या दशकातील दुसऱ्या समासात हीच चढण चार पायऱ्यांनी दाखविली आहे. नाना प्रतिमा, अवतारांचा महिमा, सर्वांच्या ठायी असणारा अंतरात्मा आणि शेवटी निर्विकार परब्रह्म असे ते चार देव होत. मंठा परिसरातील एखाद्या गावच्या मारुतीपुढे हात जोडणारा शेतकरी या क्रमात पहिल्या पायरीवर आहे. तो चुकीच्या वाटेवर नाही. प्रतिमेचा धिक्कार न करता तिच्यापाशीच थांबू नये, हा येथील आग्रह आहे. महानुभाव विचारात मात्र देवतेकडून परमेश्वराकडे जाणारी अशी चढण नाही, कारण ते दोन स्वतंत्र पदार्थ आहेत. म्हणूनच महानुभाव पंथात देवतोपासनेचा निषेध येतो आणि दासबोधात तिचा समावेश होतो.

देव आणि जीव यांतील अंतर केवळ अज्ञानाचे असेल, तर नरदेहाचे प्रयोजन विवेक हेच ठरते. पहिल्या दशकाच्या दहाव्या समासात रामदास नरदेहाचे स्तवन करतात, आणि तेथेच त्याच्या मालकीविषयीचा भ्रमही दूर करतात. माणूस ज्या घराला आपले म्हणतो, त्याच घरावर उंदीर, पाल, माशी हेदेखील हक्क सांगतात, या विनोदी वर्णनामागे गंभीर आशय आहे. देह हाती आहे तोवर त्याचे सार्थक करावे. तो आपला आहे असे मात्र समजू नये.

येथे एक आक्षेप संभवतो. सर्व काही आत्मस्वरूप असेल, तर प्रपंच नेटका करावा हा बाराव्या दशकातील उपदेश आणि अकराव्या दशकातील राजकारणाचे निरूपण यांची संगती कशी लावावी? तिसरा देव म्हणजे अंतरात्मा लक्षात घेतला असता ती लागते. जनांच्या अंतरी तोच आहे, म्हणून जन राखणे हे देवाच्या सेवेहून वेगळे उरत नाही. रामदासांचा लोकसंग्रह हा त्यांच्या वेदान्ताला जोडलेला परिशिष्टभाग नसून त्याचा निष्कर्ष आहे.

४. नामदेव : हवेहवेसे अंतर

नामदेवांच्या (१२७०–१३५०) बाबतीत प्रथम पाठाची सावधगिरी बाळगावी लागते. १९७० साली शासनाने प्रसिद्ध केलेली गाथा उपलब्ध असली, तरी विष्णुदास नामा व इतर कवींच्या रचना नामदेवांच्या नावावर मिसळल्या असल्याने एकेका अभंगावरून सिद्धांत काढणे धोक्याचे ठरते. तथापि परंपरेत सातत्याने दिसणारी भूमिका स्पष्ट आहे.

विसोबा खेचरांची कथा सर्वपरिचित आहे. शिवलिंगावर पाय ठेवून निजलेल्या विसोबांना नामदेवांनी हटकले, तेव्हा देव नाही अशी जागा दाखव, असे उत्तर त्यांना मिळाले. ही कथा औंढा नागनाथ येथील मंदिराशी जोडली जाते. तिचा सामान्य अर्थ 'देव सर्वत्र आहे' इतकाच सांगितला जातो. परंतु अधिक अर्थपूर्ण गोष्ट पुढची आहे. हा बोध झाल्यावरही नामदेवांनी विठ्ठलाला सोडले नाही. सर्वव्यापी देव मान्य करूनही त्यांनी बोलता येईल, रुसता येईल असा देव राखला. शीख परंपरेच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत आणि त्यांतील देव प्रामुख्याने निर्गुणाकडे झुकलेला आहे. एकाच नावाखालील या दोन स्वरांना विरोध न मानता, व्यापकतेचे ज्ञान आणि नात्याची ओढ एकत्र नांदू शकतात याचा पुरावा मानणे अधिक युक्त ठरेल.

या भूमिकेत अंतर हे दुःखाचे कारण असूनही ते नष्ट व्हावे अशी इच्छा नाही, कारण अंतर संपले तर प्रेमही संपेल. म्हणून वारकरी परंपरेत मोक्षापेक्षा पुनःपुन्हा जन्म घेऊन भक्ती करणे श्रेष्ठ मानले गेले. नरदेह येथे साधन राहत नाही. कीर्तनात उभा राहिलेला देह हेच साध्य बनते.

५. समान शब्द, भिन्न अर्थ

तिन्ही भूमिकांतील भेद 'स्मरण' या एकाच शब्दावर तपासता येतो. महानुभाव साधकाचे स्मरण हे होऊन गेलेल्या परमेश्वराचे आहे. त्याला काळ, स्थळ आणि तपशील आहेत. दासबोधात स्मरण ही नवविधा भक्तीतील तिसरी भक्ती आहे; आत्मनिवेदन या नवव्या भक्तीपर्यंत पोहोचविणे हे तिचे कार्य होय. नामदेवांच्या परंपरेत नाम हेच देवाचे रूप असल्याने स्मरणातून अन्यत्र कोठे जावयाचे नसते. परीक्षेतील उत्तरपत्रिकेत या तिन्हींना 'नामस्मरणाचे महत्त्व' असे एकच शीर्षक दिले जाते, तेव्हा शब्द हाती राहतो आणि विचार निसटतो.

६. समारोप

या विवेचनाला विसाव्या शतकातील एक कसोटी लावून पाहता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली बौद्ध धम्माचा स्वीकार केला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. त्यात ईश्वर आणि आत्मा या दोहोंचा अव्हेर असून, ईश्वराचे स्थान नीतीला दिलेले आहे. तेथे माणूस आणि देव यांतील अंतराचा प्रश्नच उरत नाही. उरते ते माणूस आणि माणूस यांतील अंतर, आणि ते दूर करणे हे जीवनाचे प्रयोजन ठरते. आत्मस्वरूप निरपवादपणे मानणाऱ्या परंपरेच्या समाजात हे अंतर का टिकले, हा या भूमिकेने विचारलेला प्रश्न संतवाङ्मयाच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.

मराठवाड्यातील महाविद्यालयाच्या वर्गात वारकरी, महानुभाव, समर्थ संप्रदायी आणि बौद्ध घरांतील विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. 'सर्वांचे सांगणे एकच' असे म्हणून त्यांच्यात सलोखा साधल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या परंपरेने कष्टाने मिळविलेले उत्तर त्यामुळे पुसले जाते. चक्रधरांचा साधक वियोग सांभाळण्यासाठी जगतो, रामदासांचा साधक विवेकाने भ्रम फेडून जनांत वावरण्यासाठी जगतो आणि नामदेवांचा भक्त प्रेमासाठी पुन्हा जन्म मागतो. हे भेद नेमके मांडल्याने परंपरांचा अवमान होत नाही. देव आणि माणूस यांविषयी मराठी भाषेत किती गांभीर्याने आणि किती निरनिराळ्या दिशांनी विचार झाला, हे त्यावरूनच स्पष्ट होते.