अंतर साडेतीनशे किलोमीटर, मग विमानाला तासाहून अधिक का?

प्रश्न : मुंबई-चिपी हवाई अंतर फार नाही, तरी तिकिटावर तासाहून जास्त वेळ का दाखवतात? बुरोंडीला येण्यासाठी हे विमान सोयीचे पडेल का?
– एक वाचक, बुरोंडी (ता. दापोली)

उत्तर : मुंबई ते चिपी सरळ रेषेत सुमारे 350 किलोमीटर. ताशी 500 किलोमीटर वेगाच्या एटीआर विमानाला हिशेबाने 42 मिनिटे पुरावीत. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम, चिपी दक्षिणेला. त्यामुळे उड्डाणानंतर वळसा आलाच. शिवाय धावपट्टीसाठीची रांग, चढण-उतरणीचा कमी वेग. गर्दीच्या वेळी रांगच सर्वांत जास्त वेळ खाते.

आता तुमच्या गावाचे. चिपी विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला, ही कोकणासाठी मोठी गोष्ट. पण बुरोंडीहून तो हवाई रेषेतही सुमारे 190 किलोमीटर दूर, तर मुंबई 160च्या आत. म्हणजे चिपीला उतरून तुम्ही उलटे वर याल. कोकण रेल्वेने खेड आणि तिथून दापोलीमार्गे बुरोंडी, हाच मार्ग धरा.