आधी नाक, मग ट्रिम

अगं, मघाशी तुझ्या मागे उभा राहून सिम्युलेटरवरचं तुझं उड्डाण पाहत होतो. वळणं छान घेतेस, पण जॉयस्टिक पूर्ण वेळ मुठीत ओढून धरली होतीस. भरलेली बादली हातात घेऊन गप्पा मारत उभं राहावं, तसं झालं ते. ही बादली खाली ठेवायची सोय सेसना १७२ मध्ये आहे. थ्रॉटलच्या खाली ते खाचांचं उभं चाक दिसतं ना, ते ट्रिमचं. वरच्या दिशेने फिरवलं की नाक खाली, खालच्या दिशेने फिरवलं की नाक वर.

आधी एक कर. कॅमेरा बाहेर काढून शेपटीपाशी ने. तिथे आडव्या पंखाच्या मागे वरखाली हलणारा भाग म्हणजे एलिव्हेटर. उजव्या एलिव्हेटरच्या मागच्या कडेला एक छोटी पट्टी आहे. चाक ‘नाक वर’च्या बाजूला फिरवलंस की ती पट्टी खाली झुकते. वारा तिच्यावर आपटतो आणि अख्खा एलिव्हेटर वर ढकलला जातो, म्हणून नाक वर येतं. तुझ्या हाताचं काम आता वारा करतोय. हे डोळ्यांनी पाहिलंस की चाक कुठल्या बाजूला फिरवायचं याचा घोळ होणार नाही.

आता मुख्य गोष्ट. मला शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘आधी नाक, मग ट्रिम.’ नाक कुठे हवं ते जॉयस्टिकने ठरवायचं आणि तिथेच धरून ठेवायचं. मग हातावरचा भार ट्रिमने उतरवायचा. ट्रिमनेच विमान वरखाली करायला जाशील तर ते झोके घेत राहील आणि तू त्याच्या मागे धावत राहशील.

घरच्या जॉयस्टिकची एक मेख आहे, ती नीट समजून घे. खऱ्या विमानात ट्रिम बरोबर बसला की योक, म्हणजे विमानाचं हँडल, जिथे धरला आहेस तिथेच राहतो आणि हातावरचा जोर नाहीसा होतो. तुझ्या जॉयस्टिकमध्ये साधी स्प्रिंग आहे. ती कायम मध्याकडेच खेचणार, ट्रिम काहीही असो. त्यामुळे हाताला काही कळत नाही, डोळ्यांनी पाहावं लागतं. क्षितिजाची रेघ काचेवर कुठे येते ते हेरून ठेव. ट्रिम थोडा फिरव, तेवढीच जॉयस्टिक सैल सोड. पुन्हा थोडा फिरव, पुन्हा सैल सोड. रेघ हलता कामा नये. जॉयस्टिक मध्यावर आली आणि रेघ जागच्या जागी असली की झालं. सुरुवातीलाच जॉयस्टिक कॅलिब्रेट करून घे, नाहीतर खोट्या मध्यावर ट्रिम करत बसशील.

सरावाला मुंबईच्या जुहू विमानतळावरून निघ. हवामान स्वच्छ ठेव, वारा शून्य. ट्रिम टेकऑफच्या खुणेवर आहे ना, ते पाहून घे. धावपट्टी २६ वरून उठलीस की लगेच समुद्र लागतो, तिथून डावीकडे वळून अलिबागच्या दिशेने चल. समुद्राचं क्षितिज सपाट असतं, शिकायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. २,००० फुटांवर नाक खाली आण, पण थ्रॉटल लगेच ओढू नकोस. चढताना वेग ७५ नॉटच्या आसपास असतो, तो शंभराच्या पुढे जाऊ दे. मग २,३०० आरपीएम लाव, वेगाचा काटा स्थिरावू दे आणि त्यानंतरच ट्रिम कर. वेग बदलत असताना केलेला ट्रिम वाया जातो.

तिथेच आणखी एक प्रयोग कर. मला हा फार आवडतो. हात सोडून बस आणि ट्रिमला न शिवता थ्रॉटल १,९०० वर आण. नाक आपसूक झुकेल, वेग वाढेल, मग नाक पुन्हा वर उठेल. दोन-चार हेलकावे होऊ दे, मध्ये पडू नकोस. शेवटी विमान जवळपास आधीच्याच वेगाने खाली उतरत राहील. ट्रिम सांभाळतो तो वेग, उंची थ्रॉटलकडे.

उतरताना पंखांमागचे फ्लॅप्स सोडलेस की १७२ चं नाक वर उसळतं. ते जॉयस्टिकने दाबून धर, वेग ६५ वर बसला की ट्रिम कर. आणि उतरणं रद्द करून पुन्हा वर जायचं झालं तर फार सावध राहा. त्या वेळी ट्रिम नाक वर करणारा असतो, त्यात पूर्ण थ्रॉटल दिलास की नाक झपकन उभं राहतं आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते. पहिल्या क्षणापासून जॉयस्टिक पुढे दाबायची, ट्रिम नंतर.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये अंकांच्या कीपॅडवर ७ ने नाक खाली आणि १ ने वर जातं. पण मी म्हणेन, हे दोन्ही जॉयस्टिकच्या अंगठ्याखालच्या बटणांवर घे. बोईंग ७३७ मध्येही ट्रिमचा स्विच योकवर अंगठ्याखालीच असतो. एअरबस ए३२० वर मात्र हे शिकायला जाऊ नकोस. तिथला संगणक एरवी स्वतःच ट्रिम करत असतो, तुझ्या हाताला काही कामच उरणार नाही.