रजिस्ट्री झाली, पण कोणत्या घराची?

प्रश्न : मी धामणगाव बढे (ता. मोताळा, जि. बुलढाणा) इथे राहतो. आयुष्यातलं पहिलं घर घेतलं, गावठाणातलं, ३० बाय ४० फुटांचं. रजिस्ट्रीचं सगळं काम एका अर्जनवीसाकडे सोपवलं होतं. मुद्रांक, फी, लिहिणावळ सगळं मिळून त्यांनी एकरकमी पैसे घेतले, पावती दिली नाही. ग्रामपंचायतीत नाव लावायला गेलो तर ग्रामसेवक म्हणाले, खरेदीखतातला मालमत्ता क्रमांक नमुना आठशी जुळत नाही. मग नीट वाचलं तर चतुःसीमेत पूर्व-पश्चिमही उलटी लिहिलेली. आता अर्जनवीस फोन उचलत नाहीत. मूळ खरेदीखतही त्यांच्याचकडे आहे. विकणारे काका दिवाळीनंतर मुलाकडे सुरतला कायमचे जाणार आहेत. ग्राहक मंचात केस टाकू का? आणि एवढी चूक रजिस्ट्री ऑफिसात कोणाच्याच लक्षात कशी आली नाही?

उत्तर : केस नंतर. आधी काकांना गाठा.

तुमचा संताप रास्त आहे. पण अर्जनवीसाशी भांडण सहा महिन्यांनीही करता येईल. काकांची सही मात्र आज जितकी सहज मिळेल तितकी पुन्हा मिळणार नाही. खरेदीखतातली चूक सुधारायची तर दोघांनी मिळून चूक दुरुस्ती लेख करून द्यावा लागतो, आणि तोही दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो. नुसत्या स्टँप पेपरवर लिहून नोटरी करून घेतलेला कागद इथे चालत नाही. कोणी तो स्वस्तातला मार्ग सुचवला तर ऐकू नका. लेखात जुन्या खरेदीखताचा दस्त क्रमांक आणि तारीख घालायची, चुकीचा मजकूर जसाच्या तसा लिहायचा, त्याखाली बरोबर मजकूर. तुमचं क्षेत्र बरोबर आहे, म्हणजे १,२०० चौरस फूट, १११.४८ चौरस मीटर, ही मोठी सोय आहे. क्षेत्र वाढवायचं असतं तर वाढीव जागेवर मुद्रांक शुल्काचा प्रश्न निघाला असता.

काका निघून गेलेच तरी वाट बंद होत नाही. ते जिथे राहतील तिथल्या निबंधकासमोर नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे मुखत्यारपत्र करून देऊ शकतात आणि इथला त्यांचा माणूस सही करू शकतो. पण वयस्कर माणूस, परका गाव, ऑफिसच्या खेपा. आणि उद्या त्यांचं काही बरं-वाईट झालं तर सगळ्या वारसांना गोळा करत फिरावं लागेल. त्यातला एखादा जरी अडून बसला तरी विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम २६ खाली दिवाणी कोर्टात जाऊन दस्त दुरुस्त करून मागावा लागतो. म्हणून म्हणतो, या आठवड्यात त्यांच्या घरी जा.

मूळ खरेदीखत अडलं आहे म्हणून हे काम थांबत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त क्रमांक आणि वर्ष देऊन, फी भरून प्रमाणित नक्कल मिळते. स्थावर मिळकतीच्या दस्ताची नक्कल अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळते, नोंदणी कायद्याच्या कलम ५७ मध्येच तसं आहे. सूची क्रमांक दोनही काढून घ्या. अर्जनवीसाला मात्र रजिस्टर पोस्टाने लेखी मागणी पाठवा : मूळ दस्त अमुक तारखेपर्यंत परत द्यावा. पोस्टाची पावती जपून ठेवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. निबंधकांसमोर माणसं ओळखली जातात, सह्या-अंगठे घेतले जातात, शुल्क भरलं की नाही ते पाहिलं जातं. घर खरंच काकांचं आहे का, पूर्वेला रस्ता आहे की शेजाऱ्याची भिंत, याची चौकशी करणं हे त्या टेबलाचं काम नाही. २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका नियमावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलं की विकणाऱ्याचा मालकी हक्क तपासणं निबंधकाच्या अधिकारात येत नाही. आपल्याकडे ‘रजिस्ट्री झाली’ म्हणजे सरकारने घराची हमी दिली असं समजून लोक पेढे वाटतात. तशी हमी कोणी दिलेली नसते. कागद वाचणारा एकच माणूस तुम्ही पैसे देऊन नेमला होता, आणि त्यानेच तो वाचला नाही. बहुतेक वेळा होतं ते असं : काकांच्या जुन्या दस्तातली चतुःसीमा जशीच्या तशी उतरवली जाते आणि जागेवर कोणी जातच नाही.

गावठाणात ही चूक जास्त घातक ठरते. शेताला गट नंबर असतो, सातबारा असतो, नकाशा असतो. जमीन मोजली गेली ती शेतसाऱ्यासाठी, आणि गावठाणातल्या घरांना सारा नव्हता, म्हणून असंख्य गावांची गावठाणं वर्षानुवर्षं मोजणीबाहेर राहिली. घराची ओळख म्हणून राहिला ग्रामपंचायतीचा नमुना आठ, आणि तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा दाखला नव्हे. अशा घराच्या खरेदीखतात मालमत्ता क्रमांक आणि चतुःसीमा एवढ्याच दोन खुणा असतात. तुमच्या दस्तात नेमक्या त्या दोन्ही चुकल्या आहेत. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देणं चालू आहे. तुमच्या घराची पत्रिका तयार झाली असेल तर दुरुस्ती लेखात तिचा क्रमांकही घाला, आणि ती कोणाच्या नावाने निघाली आहे ते आधी बघा.

आता तक्रारीचं. तुमचे अर्जनवीस सनदधारक वकील आहेत का, हे आधी काढा. वकील असतील तर ग्राहक आयोगाचं दार बंद आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी या प्रकरणात वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा निकाल दिला. त्यांच्याविरुद्ध मग अधिवक्ता कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार करता येते. कौन्सिलची शिस्तपालन समिती समज देऊ शकते, सनद काही काळ निलंबित करू शकते, काढूनही घेऊ शकते. नुकसानीचे पैसे हवे असतील तर दिवाणी दावा वेगळा. मला स्वतःला हा निकाल घर घेणाऱ्या साध्या माणसाला जड जाणारा वाटतो. इंग्लंडमध्ये अशाच कामातल्या ढिलाईसाठी २०१० पासून लीगल ओम्बड्समन आहे. तिथे तक्रारदाराला पैसे लागत नाहीत आणि ओम्बड्समन भरपाईही द्यायला लावू शकतो. आपल्याकडे तसं काही असायला हवं.

ते वकील नसतील तर हा निकाल त्यांना वाचवत नाही. बुलढाण्याला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे (मंच हे नाव आता गेलं). तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावावाच लागतो असंही नाही. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्ला घ्या.

पावती दिली नाही म्हणून हिशेब लागणार नाही असं समजू नका. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी चलनाने सरकारात जमा होते, आणि त्या रकमा दस्तासोबतच्या कागदांवर छापलेल्या असतात. महाराष्ट्रात खरेदीखताची नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. नक्कल हातात आली की या दोन्ही रकमांची बेरीज करा, दिलेल्या एकरकमी पैशातून वजा करा. उरेल ती त्यांची लिहिणावळ. तोच आकडा तक्रारीत घाला, सोबत फोन-पेचे किंवा बँकेचे उतारे जोडा, आणि दुरुस्ती लेखाला आलेला खर्चही मागा.

दुरुस्ती लेखाचा कच्चा मसुदा मात्र सहीआधी दोन दिवस हातात घ्या. सकाळी, सूर्य उगवताना, काकांना आणि चारही बाजूंच्या शेजाऱ्यांपैकी जे येतील त्यांना घेऊन अंगणात उभे राहा आणि एकेक ओळ मोठ्याने वाचा. नमुना आठचा ताजा उतारा दुसऱ्या हातात असू द्या, क्रमांक आकड्याआकड्याने ताडून पाहा. आणि काका मोताळ्याला सहीला येतील त्याच दिवशी ग्रामपंचायतीत तुमचं नाव लावण्याच्या अर्जावरही त्यांची संमतीची सही घेऊन ठेवा.