मूल जेवतं केव्हा?

पालकहो, मुलांच्या डब्यात काय द्यावं यावर आपण खूप बोलतो. आज मला मूल केव्हा जेवतं, त्याबद्दल बोलायचंय.

रात्रीचे साडेदहा. क्लासहून आलेला आठवीतला मुलगा, पुढ्यात वरणभात, तांब्याला टेकवलेला मोबाइल. सकाळी तोच मुलगा अर्धा पेला दूध तसंच टाकून पळतो आणि आपण म्हणतो, "याला सकाळी भूकच नसते." कुठून असणार?

शरीराचं मुख्य घड्याळ मेंदूत असतं आणि ते उजेडावर जुळतं. पण यकृत, स्वादुपिंड, आतडी यांचीही आपापली घड्याळं आहेत आणि त्यांची वेळ बरीचशी जेवणावर ठरते. अंधार पडला की मेलाटोनिन वाढतं, शरीर झोपेच्या तयारीला लागतं आणि स्वादुपिंड इन्सुलिन देताना हात आखडतं. म्हणून सकाळच्या भातापेक्षा रात्रीच्या तेवढ्याच भाताने रक्तातली साखर जास्त चढते आणि जास्त वेळ रेंगाळते.

मूळचे ओडिशाचे सच्चिदानंद पांडा यांनी अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेत केलेला उंदरांवरचा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना सारखंच चरबीयुक्त खाणं, पोटात जाणारे उष्मांकही सारखेच. एका गटापुढे ते चोवीस तास होतं, दुसऱ्याला त्यांच्या जागेपणीचे आठच तास. लठ्ठ झाला तो पहिला गट. मुलं म्हणजे उंदीर नव्हेत, पण मला हा प्रयोग विसरता येत नाही.

वयात येताना मुलांचं घड्याळ तास-दोन तास पुढे सरकतं. त्यांना उशिरा झोप येते तो आळस नव्हे, त्यावरून बोलू नका. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारने २०२४ मध्ये सांगितलं. मला वाटतं, आठवी-नववीला त्याची गरज अधिक होती.

तुम्ही लोकलने नऊला घरी पोचता, सगळ्यांनी एकत्र जेवावं असं वाटतं, हे मी जाणते. तरी मुलाला क्लासआधीच, साडेसहा-सातला, भाजी-पोळी, वरणभात असं पोटभर जेवू द्या. आल्यावर भूक असेल तर कपभर दूध, आणि तुम्ही जेवताना शेजारी बसून गप्पा. सकाळी थोडा वेळ गॅलरीच्या उजेडात जाऊ दे. रविवारी तासभर जास्त झोपला तर झोपू दे, पण बारा वाजवू नका. मधुमेहाचं इन्सुलिन घेणाऱ्या मुलांच्या वेळा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.